महारेराची एजंट परीक्षा द्यायचीय, नक्की काय वाचू?

प्रश्न थोडक्यात असा आहे की, हडपसर-मांजरी पट्ट्यात चार वर्षं रेंट आणि रीसेलचं काम केलंय, आता बिल्डरच्या नवीन प्रोजेक्टमधले फ्लॅट विकायचेत, त्यासाठी महारेराचं, म्हणजे रेरा कायद्याखाली घरबांधणी प्रोजेक्टवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, सर्टिफिकेट लागतं असं कळलं, शिक्षण बारावी, कायद्याची भाषा डोक्यावरून जाते, तर सगळी कलमं पाठ करायची का आणि कुठून सुरुवात करायची. मी पुण्यात हेच काम बरीच वर्षं करतोय आणि आमच्या ऑफिसमधल्या मुलामुलींची तयारीही करून घेतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी भीती काढून टाका. १० जानेवारी २०२३ ला महारेराने आदेश काढून एजंटला ट्रेनिंग आणि परीक्षा कंपल्सरी केली, पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली आणि ४२३ जणांपैकी ४०५ पास झाले. त्यात वयस्कर लोक होते, गृहिणी होत्या. म्हणजे अवघड आहे म्हणून कोणी अडकत नाही, लोक अडकतात ते आळसाने, २०२४ मध्ये सर्टिफिकेट न घेतलेल्या जवळपास २०,००० एजंटांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित केली होती. क्रम असा की आधी महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेकडून २० तासांचं ट्रेनिंग, मग आयबीपीएसची (बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) ऑनलाइन परीक्षा, ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, मराठी किंवा इंग्रजी. मराठीतून द्या असं मी म्हणेन, पण एक करा, कार्पेट एरिया, अलॉटी, प्रमोटर, एनकम्ब्रन्स हे इंग्रजी शब्द आणि त्यांचे सरकारी मराठी शब्द एका कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवा. त्याच क्रमाने चटई क्षेत्र, वाटपग्राही म्हणजे फ्लॅट घेणारा, प्रवर्तक, भार म्हणजे बोजा. आपण रोज बिल्डर म्हणतो, पेपरात प्रवर्तक येतं आणि उत्तर माहीत असून माणूस थांबतो.

आता मुख्य गोष्ट. रेरा कायद्याची कलमं १ पासून ९२ पर्यंत ओळीने पाठ करू नका, दोन दिवसांत विसराल. एक फ्लॅट घ्या आणि त्याचा कागदांचा प्रवास जमिनीपासून सोसायटीपर्यंत लावा. महारेराच्या वेबसाइटवर जाऊन तुमच्याच भागातला, तुम्ही रोज ज्याच्यासमोरून जाता असा एखादा चालू प्रोजेक्ट उघडा आणि त्याचं पान पूर्ण वाचा, जमिनीच्या मालकीचा टायटल रिपोर्ट, मंजूर नकाशे, बांधकाम सुरू करायच्या परवानगीचं कमेन्समेंट सर्टिफिकेट, किती फ्लॅट बुक झाले, पूर्ण करायची तारीख काय दिलीय, आर्किटेक्टचा फॉर्म १, इंजिनिअरचा फॉर्म २, सीएचा फॉर्म ३. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की कलम ४ आणि कलम ११ वेगळं वाचायची जवळजवळ गरज राहत नाही, कारण ते कागद तिथे का आहेत हेच ती कलमं सांगतात.

मग कायदा गोष्टीसारखा लावा. प्रोजेक्ट सुरू करायच्या आधी नोंदणी, कलम ३. जाहिरात खोटी निघाली आणि त्यावर विसंबून कोणी पैसे भरले तर भरपाई, कलम १२. बुकिंगला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम रजिस्टर्ड करारनाम्याशिवाय घ्यायची नाही, कलम १३. मंजूर नकाशात बदल करायचा तर दोन तृतीयांश अलॉटींची संमती आणि पझेशननंतर ५ वर्षं स्ट्रक्चरल दोषांची जबाबदारी बिल्डरची, दोन्ही कलम १४. प्रोजेक्ट दुसऱ्या बिल्डरला द्यायचा तर कलम १५, तिथेही दोन तृतीयांश, पण महारेराची लेखी मंजुरीसुद्धा. पझेशन लांबलं तर व्याज किंवा रिफंड, कलम १८, आणि महाराष्ट्रात व्याज स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर (बँकेच्या कर्जाचा आधारभूत व्याजदर) अधिक २ टक्के. ग्राहकाचे हक्क आणि कर्तव्यं कलम १९, हो कर्तव्यंही आहेत, वेळेवर हप्ते भरणं त्यात येतं आणि त्यावर प्रश्न विचारतात. तक्रार कलम ३१, अपील ६० दिवसांत ट्रिब्युनलकडे कलम ४४, तिथून हायकोर्ट कलम ५८.

कलम ३ ला जरा थांबा, कारण इथे पुण्याच्या पेठांमध्ये काम करणाऱ्यांची रोज गल्लत होते. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणी लागत नाही, दोन्हीपैकी एक असलं तरी पुरतं. सदाशिव-नारायण पेठेतल्या बऱ्याच जुन्या वाड्यांच्या जागी होणाऱ्या इमारती यात बसतात. पण आपले लोक "पाच गुंठ्यांपर्यंत रेरा नाही" असं सर्रास सांगतात आणि ते चुकीचं आहे, एक गुंठा १०८९ चौरस फूट म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, पाच गुंठे होतात जवळपास ५०६ चौरस मीटर. ५०० च्या वर गेलं! त्यावर १० फ्लॅट असतील तर नोंदणी हवीच. असे आकडे घेऊन प्रश्न तयार होतात, त्यामुळे युनिट बदलायचा सराव करा, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, ४० गुंठे एक एकर, १०० आर एक हेक्टर. आणि आर म्हणजे गुंठा नाही, बोलताना आपण सरसकट म्हणतो, पण ४० आर म्हणजे ४००० चौरस मीटर आणि एक एकर म्हणजे ४०४७.

कार्पेट एरियावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो, आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिल्या आठवड्यात टेप देऊन त्याला एक फ्लॅट मोजायला लावतो. व्याख्या कलम २(के) मध्ये आहे. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, सर्व्हिस डक्ट धरायचे नाहीत, फक्त त्या फ्लॅटची असलेली बाल्कनी, व्हरांडा, ओपन टेरेस धरायचे नाहीत, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरायच्या. समजा एका टू बीएचकेच्या खोल्या, पॅसेज, टॉयलेट आणि आतल्या भिंती मिळून ६० चौरस मीटर होतात, बाल्कनी ५, बाहेरच्या भिंती ४, डक्ट १. रेरा कार्पेट ६० च, म्हणजे साधारण ६४६ चौरस फूट. आता बाल्कनी मिसळून "सातशे कार्पेट" असं सांगितलं की ५४ चौरस फूट हवेतले विकले, आणि हडपसरला चौरस फुटाला जो भाव चाललाय तो लावून बघा, किती लाखांचा फरक पडतो ते कळेल. समोरचा माणूस वीस वर्षांचा हप्ता त्या आकड्यावर भरणार असतो. हे परीक्षेपुरतं नका शिकू, माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय मॉडेल करारनाम्यात कार्पेटमध्ये ३ टक्क्यांपर्यंतच फरक चालतो असं लिहिलंय, आणि त्या मर्यादेत कमी भरलं तरी जादा घेतलेले पैसे परत द्यायचे.

पार्किंगही इथेच करून टाका. ओपन पार्किंग विकता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे आणि महारेराचाही तसाच पवित्रा आहे. कव्हर्ड पार्किंग विकता येतं, पण त्याचा नंबर, लांबी, रुंदी, उंची करारात यायला हवी.

एजंटसाठीची कलमं ९ आणि १०, ही मात्र शब्दन्शब्द. नोंदणीशिवाय नोंदणीकृत प्रोजेक्टमधली विक्री करून द्यायची नाही, नोंदणी नसलेल्या प्रोजेक्टमध्ये मध्यस्थी करायची नाही, हिशोबाची पुस्तकं ठेवायची, खोटी आश्वासनं द्यायची नाहीत, ग्राहकाला ज्या कागदांचा हक्क आहे ते मिळवून द्यायचे, आपला नोंदणी नंबर प्रत्येक व्यवहारात लिहायचा. नोंदणी ५ वर्षांची. कलम ९ किंवा १० मोडलं तर कलम ६२, रोजचे १०,००० रुपये दंड, जास्तीत जास्त त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्के. ७० लाखांचा फ्लॅट असेल तर ५ टक्के म्हणजे ३,५०,०००, ३५ दिवसांत तिथे पोचतो. बिल्डरने नोंदणीच केली नाही तर कलम ५९, प्रोजेक्टच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड आणि तरी ऐकलं नाही तर ३ वर्षांपर्यंत कैद. खोटी माहिती दिली तर कलम ६०, ५ टक्के. कोणाला ५ आणि कोणाला १०, आणि ते कशाचे, फ्लॅटच्या किमतीचे की प्रोजेक्टच्या खर्चाचे, एवढं पक्कं केलं की दंडाचे मार्क हातात.

तुम्ही रेंटचं काम करता म्हणून सांगतो, रेरातली एजंटची व्याख्या विक्रीपुरती आहे, भाड्याला रेरा नाही. भाड्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर्ड हवं आणि ती जबाबदारी घरमालकाची. हे तुम्ही रोजच करता, फक्त कलमाचा नंबर जोडून घ्या.

जुने कायदे सोडू नका. मोफा, म्हणजे १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स ॲक्ट, अजून वापरात आहे, डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून दिली नाही तर सरकारी अधिकाऱ्याकडून करून घेणं, त्याच्या कलम ११ खालीच होतं. ठरलेला पेच म्हणजे करारापूर्वी घेता येणारी रक्कम, मोफात २० टक्के, रेरात १० टक्के, पर्यायांत दोन्ही आकडे असले की घाई करू नका, प्रश्न कुठल्या कायद्याचा आहे ते आधी वाचा. अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट १९७० चा, सहकारी संस्था कायदा १९६० चा. पुण्यात सोसायटी आणि अपार्टमेंट दोन्ही प्रकार भरपूर आहेत, अपार्टमेंटमध्ये प्रत्येकाचं डीड ऑफ अपार्टमेंट होतं आणि जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो, सोसायटीत जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर जाते आणि आपण सभासद. कराराचा कायदा १८७२, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, नोंदणी कायदा १९०८, यातलं थोडंच लागतं, वैध कराराच्या अटी, विक्री आणि विक्रीचा करार यातला फरक, कुठला दस्त रजिस्टर करणं सक्तीचं (कलम १७) आणि सही केल्यापासून ४ महिन्यांत दस्त सादर करायचा (कलम २३). ४ महिने उलटले तर दंड भरून पुढचे ४.

जमिनीचे कागद हा भाग पुस्तकापेक्षा तलाठी कार्यालयाच्या भाषेत शिका. आपल्या ओळखीतल्या कोणाचा तरी सातबारा घ्या आणि वरून खाली वाचा. गाव नमुना सात हा मालकी-हक्काचा, बारा हा पिकांचा. वर गट नंबर, भूधारणा पद्धत, मग क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये, खाली खातेदारांची नावं आणि त्यांच्यासमोर फेरफार नंबर, आणि उजवीकडे इतर अधिकार. ही इतर अधिकाराची जागा सगळ्यात महत्त्वाची, बँकेचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम सगळं तिथे बसतं. भोगवटादार वर्ग १ असेल तर साधारणपणे विकायला मोकळी, वर्ग २ असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. मुळशीकडचा एक व्यवहार आठवतो, टोकन दिलेलं होतं, सगळे खूश, आणि सातबाऱ्यावर वर्ग २ स्पष्ट छापलेलं, कोणी वाचलंच नव्हतं, घेणारे रिटायर्ड जोडपं होतं आणि ते पैसे परत मिळवताना त्यांची जी ओढाताण झाली ती बघवत नव्हती. एक ओळ वाचली असती तर टळलं असतं. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा, खाते उतारा म्हणजे आठ-अ, आणि शहरात सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. एनए म्हणजे बिगरशेती, त्यासाठीचा कायदा जमीन महसूल संहिता १९६६. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, त्यात अलीकडे बदल झालेत, त्यामुळे तेवढा भाग ट्रेनिंगच्या ताज्या नोट्समधूनच करा, जुन्या पीडीएफवरून नको.

पैशांची गणितं सोपी आहेत आणि ग्राहक पहिल्या भेटीत हीच विचारतो. पुणे महापालिका हद्दीत ७० लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरा. मुद्रांक शुल्क ५ टक्के, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १, एकूण ७ टक्के म्हणजे ४,९०,०००. खरेदीदार फक्त महिला असेल तर १ टक्का सवलत, ४,२०,०००, नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही. नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३०,०००. जीएसटी ५ टक्के, ३,५०,०००. टीडीएस १ टक्का, ७०,०००, पण हा वरून द्यायचा खर्च नाही, बिल्डरला द्यायच्या रकमेतूनच कापून सरकारला भरायचा, ५० लाख आणि त्यावरच्या व्यवहाराला. ओसी म्हणजे भोगवटा पत्र किंवा कंप्लीशन मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क कराराची किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला भाव) यात जे जास्त असेल त्यावर. एक बारकावा पुणेकरांसाठी खास आहे, परवडणाऱ्या घराला १ टक्का जीएसटी, किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट मेट्रो शहरात ६० चौरस मीटर, बाकी ठिकाणी ९०. आपल्याकडे मेट्रो धावते पण या नियमात पुणे मेट्रो शहरांच्या यादीत नाही, मुंबई महानगर आहे, त्यामुळे ६२ चौरस मीटरचा ४४ लाखांचा फ्लॅट पुण्यात १ टक्क्यात बसतो आणि ठाण्यात ५ टक्के लागतात.

महारेराचे स्वतःचे आदेश वेगळे काढून वाचा, मूळ कायद्याच्या पुस्तकात ते नसतात. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा, हे तुम्ही व्हॉट्सॲपवर जे बॅनर फिरवता त्यालाही लागू समजून चला. १ जुलै २०२४ पासून एका प्रोजेक्टची तीन खाती, ग्राहकाचे १०० टक्के पैसे येणारं कलेक्शन अकाउंट, त्यातले किमान ७० टक्के जाणारं सेपरेट अकाउंट आणि उरलेल्यासाठी ट्रान्झॅक्शन अकाउंट. ७० टक्क्यांतून पैसे काढायचे तर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए तिघांचे दाखले. करारनाम्यात काही गोष्टी बिल्डरला बदलता येत नाहीत, कार्पेट, डिफेक्ट लायबिलिटी (दोषांची जबाबदारी), कन्व्हेयन्स, फोर्स मेजर (आवाक्याबाहेरची आपत्ती). सलोखा मंच म्हणजे कन्सिलिएशन फोरम, तक्रार करण्याआधी दोघं समोरासमोर बसून मिटवायची सोय, पुण्यातही आहे.

एफएसआय, टीडीआर (हस्तांतर करता येणारा बांधकामाचा हक्क), युडीसीपीआर (एकत्रित बांधकाम नियमावली) यांमध्ये फार खोल जाऊ नका. मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्याला डिसेंबर २०२० ची हीच एकत्रित नियमावली आहे आणि एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या तुलनेत किती बांधता येतं, आपल्याकडे पीएमसी, पीसीएमसी आणि पीएमआरडीए वेगवेगळ्या हद्दीत मंजुरी देतात, एवढं पुरे. तिथले तक्ते आर्किटेक्टचं काम आहे.

वेळेचं म्हणाल तर काम सांभाळून रोज दीड तास दिलात तर महिनाभर भरपूर झाला. पहिला आठवडा महारेराच्या साइटवरचा एक प्रोजेक्ट आणि कलम २ मधल्या व्याख्या, दुसरा रेराची कलमं वर सांगितल्या क्रमाने, तिसरा जमीन आणि दस्त, हवेलीच्या एखाद्या दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्ट्रेशनला ग्राहकाबरोबर जाणार असाल तर तिथे सूची दोन (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) नीट वाचा, शेवटचा कर आणि महारेराचे आदेश. रात्री झोपताना दुसऱ्या कोणाला तरी समजावून सांगा, घरच्यांना सांगा, आपल्या बायकोला कार्पेट आणि बिल्टअपमधला फरक पटला म्हणजे ग्राहकालाही पटेल. बाजारात मिळणारे प्रश्नसंच शेवटच्या चार दिवसांत सोडवा, आधी नको, कारण त्यातली काही उत्तरं जुन्या नियमांवरची असतात आणि चुकीचं एकदा डोक्यात बसलं की निघत नाही.

पास झालात की सर्टिफिकेट म्हणजेच लायसन्स असं समजू नका, ते अर्जाबरोबर लावून महारेराकडे एजंट म्हणून वेगळी नोंदणी करायची असते, फी भरायची असते आणि नोंदणी नंबर हातात येईपर्यंत नवीन प्रोजेक्टचं एकही बुकिंग तुमच्या नावावर घेऊ नका, बिल्डरचा माणूस कितीही म्हणाला की नंतर करून घेऊ तरी. त्या काळात रेंटचं काम चालू ठेवा, आणि ज्या प्रोजेक्टचं पुढे काम करायचंय त्याची महारेरावरची तिमाही अपडेट बघत राहा, साइटवर जे दिसतंय ते आणि फॉर्ममध्ये भरलेलं जुळतंय का ते तपासत जा.